माझ्या वतीनं दिलेला नकार

हळदीकुंकवाला गेले की बायका माझ्या पाठीकडं बघतात. तोंडावर कुणी विचारत नाही, पण मी वळले की कुजबुज सुरू होते. एखादी धीट निघालीच तर म्हणते, "वकीलीणबाई, तुम्ही एवढ्या वाकल्या कशा? वय तर काही झालं न्हाई." मग मी तिला शेजारी बसवते आणि सांगते. असं पुष्कळदा सांगून झालं, तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. जिला गरज असेल तिनं वाचावं. तिच्या नवऱ्यानं वाचलं तर आणखी बरं.

मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही. पन्नाशीच्या आसपास मला हाडं ठिसूळ होण्याचा आजार झाला आणि त्यावरचं औषध घ्यायचं की नाही, हे ठरवायची वेळ आली. फक्त ती वेळ माझ्यापर्यंत पोचलीच नाही, वाटेतच दुसऱ्यांनी निकाल लावून टाकला. पाठ मोडली त्याचं दुःख मी केव्हाच गिळलं. हे दुसरं अजून गिळता आलेलं नाही, म्हणून तेच सांगणार आहे.

हंडा

आम्ही परतूरचे. आमचे हे तिथल्या कोर्टात वकील. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून कुसुम आणि यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. वन्सं फार लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आल्या. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून घरातलं सोवळं-ओवळं त्यांच्या शब्दावर चालतं. कोण कशाला शिवलं, कुणाचं लुगडं कुठं वाळत पडलं, सगळं त्यांना पाठीमागं डोळे असल्यासारखं दिसायचं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच हिवाळ्यात एका सकाळी मी ओलेत्यानं पाण्याचा हंडा आणला आणि ओट्यावर ठेवायला वाकले. पाठीत काहीतरी कचकन तुटलं. मी हंडा सोडला नाही, नीट ठेवला, मग भिंतीला धरून खाली बसले. श्वास घेता येईना. "चमक भरली असंल," हे म्हणाले, आणि कोर्टाची वेळ झाली म्हणून निघून गेले. वन्संनी एरंडाची पानं गरम करून बांधली, विटेचा शेक दिला. महिना होत आला तरी मला कूस बदलता येईना. शिंक आली तर डोळ्यांपुढं अंधारी यायची. आणि एक दिवस लुगडं नेसताना लक्षात आलं की निऱ्या पायात येऊन राहिल्यात. लुगडं तेच होतं, मीच बुटकी झाले होते.

हे मी कुसुमला दाखवलं तेव्हा ती घाबरली. तिनं मुलाकडं हट्ट धरला, मुलानं यांच्याकडं, तेव्हा कुठं जालन्याला जायचं ठरलं.

पडद्याच्या अलीकडं

परतूरहून आगगाडीनं जालना काही फार लांब नाही, पण त्या लाकडी बाकावर एकेक हादरा मला पाठीच्या कण्यातून मोजून घ्यावा लागला. दवाखान्यात पाठीचा फोटो काढला. गार फळीवर मला पालथी-उताणी करताना तिथल्या नर्सबाई "जरासंच, जरासंच" म्हणत होत्या. मग मला बायकांच्या बाजूला, हिरव्या पडद्याअलीकडं बसवलं, आणि हे डॉक्टरांच्या खोलीत गेले.

तेव्हा रीतच तशी होती. बाईचं दुखणं घरातल्या पुरुषानं डॉक्टरला सांगायचं, डॉक्टरनं त्यालाच उत्तर द्यायचं, आणि बाईनं त्याच्या तोंडाकडं बघून काय समजायचं ते समजायचं. मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट हे वकील, चार लोकांचं गाऱ्हाणं रोज मांडतात, माझंही नीट मांडतील असं वाटलं. आतून उर्दूत बोलणं ऐकू येत होतं. डॉक्टर हैदराबादेत शिकलेले आणि यांचा तर सारा जन्म उर्दू कोर्टात गेलेला. मला त्यातलं अर्धंमुर्धंच कळायचं, आणि पंख्याच्या घरघरीत तेवढंही कळेना.

हे बाहेर आले. मी विचारलं, "काय म्हणले?"

"हाडं झिजलीत म्हणून राह्यले. वय झालं की होतं काही बायकांना."

"मंग औषध?"

"औषध काय असतंय त्याला? दूध पी, चुन्याच्या गोळ्या दिल्यात त्या घे, जड उचलू नको."

एवढं बोलून ते गाडीची वेळ बघायला पुढं गेले. मी त्यांच्या मागं हळूहळू चालत राहिले. आपल्या दुखण्याला औषध नाही हे कळल्यावर माणूस एका परीनं शांत होतं, तशी मी झाले. देवानं द्यायचं ते दिलं, आता कुरकुर करून काय मिळणार, असं स्वतःला सांगत मी घरी आले.

तेल

त्यानंतरचे महिने मी माजघरात पलंगावर काढले. या दिवसांतलं सगळ्यात गोड काही असेल तर ते वन्संचे हात. रोज दुपारी त्या तिळाचं तेल कोमट करून आणायच्या आणि पाठीच्या त्या कुबडाभोवती इतक्या अलगद लावायच्या की मला डुलकी लागायची. एरवी त्यांचा हात कुणाच्या अंगाला लागत नसे. ओवळं होईल म्हणून त्या सख्ख्या भावाच्या नातवालासुद्धा आंघोळीआधीच जवळ घ्यायच्या. माझ्यासाठी मात्र त्या तेल लावून पुन्हा आंघोळ करायच्या, थंडीतसुद्धा. मला भरून यायचं. एकदा मी म्हणाले, "वन्सं, तुम्ही माझ्यासाठी किती करून राह्यल्या."

"तुझ्यावाचून या घराचं कसं व्हावं वैनी? तू उभी राह्यली पाहिजे. महालक्ष्म्यांच्या आत उभी राह्यली पाहिजे."

त्या वेळी मला यात फक्त माया दिसली.

आमच्याकडच्या महालक्ष्म्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. भाद्रपदात त्या घरी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात. त्या जेवणाचा स्वयंपाक आमच्या घरात सवाष्णीनंच करायचा, तोही कडक सोवळ्यात. वन्सं विधवा, त्यांचा हात त्या चुलीला चालत नाही. कुसुम सवाष्ण, पण तरणी. ऐन दिवशी कावळा शिवला तर काय, ही धास्ती. त्या दिवसांत आमच्याकडं बाईनं परसातल्या पडवीत कांबळ्यावर बसायचं, कशाला शिवायचं नाही, ताटलीत वाढून दूर ठेवलेलं खायचं. मी पाळी आल्यापासून तसं बसत आले. त्या पडवीतल्या भिंतीवरचे पोपडे मला तोंडपाठ होते. म्हणून पाळी कायमची थांबली तेव्हा मला सुटका झाल्यासारखं वाटलं, ते खोटं का सांगू. घरात माझा भाव वाढला. सवाष्ण आणि वर विटाळाची भीती नाही, अशी बाई म्हणजे सोवळ्याच्या घराला सोन्याहून मोलाची. देवघर माझ्या हातात आलं, आणि मला ते आवडलं.

मनगट

वैशाखात मी पाटावरून उठत होते. तोल गेला, मी डावा हात टेकला. एवढंच. पोर रोज असं पडतं आणि हसत उठतं. माझं मनगट उलट्या बाजूला वळलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि पाठीतही खाली दुसरीकडं तीच ओळखीची कळ उठली.

पुन्हा जालना. या वेळी मला धरून न्यावं लागलं, म्हणून कुसुम बरोबर होती, आणि मला थेट डॉक्टरांच्या टेबलापुढंच बसवलं. पडद्याचा प्रश्न आला नाही. डॉक्टरांनी हात पाहिला, पाठ पाहिली आणि चिडले. वयस्क होते, बोलणं हैदराबादी वळणाचं.

"बाई, मी मागंच बोल्लो होतो, सुया घेऊन टाका म्हणून. तुम्हीच नको म्हणालात. आता बघा काय झालं ते."

मी म्हणाले, "कसल्या सुया?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग यांच्याकडं बघितलं. यांनी टोपी काढली आणि तिच्या आतलं अस्तर बघू लागले.

"वकीलसाब, तुम्ही तर येऊन सांगितलं की बाई बिलकुल तयार न्हाईत."

"घरी गेल्यावर बोलू," हे मला म्हणाले.

"घरी न्हाई," मी म्हणाले. "इथंच बोला. डॉक्टर, तुम्ही सांगा. काय होतं ते मला सांगा."

माझा आवाज चढला होता. कुसुमनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर बिचारे अवघडले, पण त्यांनी सांगितलं, आणि चांगल्या मराठीत सांगितलं. पाळी थांबली की बाईच्या अंगातलं एक सत्त्व आटतं. हाडांची मजबुती बरीचशी त्याच्यावर असते. ते सत्त्व सुईनं बाहेरून देता येतं. औषध नवं आहे. वाकलेली पाठ त्यानं सरळ होत नाही, पण पुढची पडझड कमी व्हायची आशा असते. "खात्री मी देत न्हाई," ते म्हणाले.

"आणि त्रास काय?"

"मळमळतं. छाती भरून येते. आणि," ते थांबले, टेबलावरचं पेन इकडचं तिकडं ठेवलं, "दर काही हप्त्यांनी पाळीसारखं जातं. तेच वकीलसाबना बोल्लो होतो. घरी बाईंना विचारा आणि मला कळवा म्हणालो. पुढच्या हप्त्यात ते कोर्टाच्या कामासाठी आल्ते, तेव्हा म्हणाले, न्हाई म्हणतात."

मला सगळं एकदम कळलं. समजून घ्यायला काही उरलंच नव्हतं.

"डॉक्टर, मी त्या पडद्याअलीकडंच बसले होते. हाक मारली असती तर ऐकू आलं असतं. मला का न्हाई विचारलं?"

"रिवाज आहे बाई. जनान्याचं दुखणं आम्ही घरच्या माणसाशी बोलतो. शरमेची गोष्ट असते."

"शरम वाटली असती मला. ती सोसली असती."

डॉक्टर उठले. मग प्लास्टर लावायला माझा हात ओढून सरळ केला. मी ओरडले, आणि तेवढ्यात जमेल तेवढं रडून घेतलं. हाताचं निमित्त होतं म्हणून कुणी का विचारलं नाही.

सात नंबरची खाट

पाठीमुळं मला काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची सात नंबरची खाट मिळाली. उजाडता उजाडता फिनेलच्या पाण्यानं फरशी पुसायची, मग ताप बघायचा, मग डॉक्टरांची फेरी. फेरीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढत, तेव्हा सगळ्या बायका पदर नीट करून गप पडून राहायच्या, पाहुणे आल्यासारख्या. दुपारी बाहेर लिंबाखाली तीन दगडांच्या चुली पेटायच्या आणि भाकरीचा वास खिडकीतून आत यायचा. कुसुम तिथंच माझ्यासाठी भात शिजवायची. घरी तान्हं लेकरू सोडून ती माझ्यापाशी राहिली होती, ते तिच्या आईनं सांभाळलं.

हे दुसऱ्या दिवशी आले. स्टुलावर बसले, मोसंबी काढून ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "अगं, मी तुझ्या भल्याचंच केलं. या वयात पुन्हा ते सगळं सुरू व्हायचं, चार लोकांत हसं व्हायचं. तुला तरी पसंत पडलं असतं का?"

"कदाचित न्हाई पडलं असतं."

"मंग झालं तर."

"झालं न्हाई. मी न्हाई म्हणले असते तर ते माझं न्हाई असतं. तुम्ही माझ्या नावानं जाऊन डॉक्टरला खोटं सांगून आलात. मी कधी तुम्हाला वकालतनामा दिल्ता?"

ते जरा दचकले. कोर्टात एवढं थेट त्यांना कुणी बोलत नसावं. म्हणाले, "मी एकट्यानं न्हाई ठरवलं. आक्काला विचारलं. ती म्हणली, आपल्या घरात हे कसं चालंल, महालक्ष्म्यांचं कोण करंल."

ते बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. पण आता उशीर झाला होता.

नवऱ्यानं लपवलं, त्याचा राग आला. पण वन्संचं नाव ऐकलं तेव्हा राग नाही आला, आठवले ते त्यांचे हात. रोज दुपारी तेलाची वाटी घेऊन येणारी ती बाई. माझ्या पाठीवरून हात फिरवताना तिला माहीत होतं की या पाठीला औषध आहे आणि ते मला मिळू नये असं तिनंच सांगितलंय. मी "वन्सं, बरं वाटलं" म्हणायची, तेव्हा ती "बरं झालं" म्हणायची. त्या बोटांचं काय करावं मला कळेना. मी भिंतीकडं तोंड केलं आणि यांना म्हणाले, "जा आता तुम्ही."

गयाबाई

शेजारच्या खाटेवर अंतरवाली सराटीच्या गयाबाई होत्या. बैलगाडीतून पडून मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन बांधून टांगलेला. शेतकरी घरातल्या, बोलायला मोकळ्या. आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आणि न ऐकल्याचं सोंग करायची त्यांना सवय नव्हती.

"वकीलीणबाई, रडू नका. बाप्यांची जातच तशी. आमच्या मालकानं म्हैस इकली, तवा मला इचारलं का? म्हैस माझ्या म्हायेरची. मंग म्या चार दीस चूलच पेटवली न्हाई."

"मंग?"

"मंग काय. पाचव्या दिशी दुसरी म्हैस आली."

मला हसू आलं आणि हसल्यानं पाठ दुखली. म्हैस आणि हाड एक नाही, पण त्या बाईनं मला हसवलं. डावा हात प्लास्टरात, पाठीवर जोर देता येत नाही, त्यामुळं माझ्या केसांचा गुंता झाला होता. कुसुम चुलीवर असताना गयाबाईंनी मला त्यांच्या खाटेला टेकून बसायला सांगितलं आणि आडवं पडल्या-पडल्याच माझी वेणी घातली. पाय टांगलेला, हात मात्र मोकळे. नंतर त्यांच्या लेकीनं भाकरी आणि ठेचा आणला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमाला चालंल का आमच्या हातचं?"

वन्सं असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे मनात आलं. मी म्हणाले, "चालंल." जन्मात पहिल्यांदाच सोवळ्याबाहेरच्या चुलीवरची भाकरी खाल्ली. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, ते मला बरंच उपयोगी पडलं.

वन्सं आल्या

त्या दवाखान्यात येतील असं वाटलं नव्हतं. तिथं सगळंच ओवळं. पण आल्या, लुगड्याचा सोगा आवरून खाटेपासून हातभर दूर उभ्या राहिल्या.

"मी तुझं वाईट चिंतलं न्हाई वैनी."

"मला म्हाईत हाय."

"रोज तेल लावलं न्हाई का तुला?"

"लावलं. मला वाटायचं, दुसरं काही करण्यासारखं न्हाई म्हणून तुम्ही तेवढं तरी करून राह्यल्या. दुसरं करण्यासारखं होतं, वन्सं."

त्यांनी सोगा पुन्हा सावरला. मग म्हणाल्या, "तुला कळायचं न्हाई. माझ्यापाशी काय हाय? न नवरा, न लेकरू. देवाचं तेवढं बराबर चालावं, एवढंच माझं. तू बाजूला बसलीस की तेबी गेलं."

ते खरं होतं. त्या घरात त्यांची जागा सोवळ्यापुरतीच होती, आणि ती जाऊ नये म्हणून त्यांनी माझी हाडं पणाला लावली. त्यांची मला दया आली. पण दया आली म्हणून माफ करता येतं असं नाही. मी त्यांना बसा म्हणाले नाही.

ठरवणं

डॉक्टर फेरीला आले तेव्हा म्हणाले, "आता मी तुम्हालाच विचारतो बाई. घ्यायच्या का सुया?" मी चार दिवस मागून घेतले.

ज्या बायका हे वाचतील त्यांना वाटेल, एवढा तमाशा केल्यावर विचार कसला करायचा. पण खरंच सोपं नव्हतं. एकीकडं मनात यायचं, यांना आणि वन्संना धडा शिकवायचा म्हणून घ्याव्यात. रागानं घेतलेलं औषध कसं लागू पडणार, असंही वाटायचं. दुसरीकडं पडवी. पुन्हा ते कांबळं, ती दूर ठेवलेली ताटली, शेजारणीनं कुंपणावरून बघून तोंडाला पदर लावणं. सून आणि सासू एकाच महिन्यात बाजूला बसलेल्या. डॉक्टर खात्री देत नव्हते ते वेगळंच. नवं औषध, उद्या आणखी काही निघालं तर? मी रोज एकदा हो आणि एकदा नाही ठरवत होते.

पण एक गोष्ट लक्षात आली. ही घालमेल माझी होती. गेल्या हिवाळ्यातच ती माझ्या वाट्याला यायला हवी होती. मला अवघड गेलं असतं, झोप उडाली असती, आणि तरीसुद्धा तो माझा हक्क होता. यांनी मला औषधच नसतं म्हणून सांगितलं आणि तो हक्क वन्संशी बोलून परस्पर मिटवून टाकला.

शेवटी कुसुमला विचारलं. तिला असं कुणी कधी विचारत नसे, त्यामुळं ती आधी गोंधळली. मग भाताचं पातेलं पुसता पुसता म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही बाजूला बसला तर घरातलं मी करीन. चुकंल-माकंल, पण करीन. तुम्ही मोडून पडला तर मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना हो म्हणाले. हे दाराशी उभे होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

सुया

परतूरच्या डॉक्टरांकडं त्या टोचून घ्यायच्या ठरल्या. कुसुम मला घेऊन जायची. मळमळ व्हायची, छाती जड व्हायची, पहिले काही आठवडे वाटलं कशाला या भानगडीत पडले. पाठीची कळ मात्र हळूहळू बोथट झाली. सुयांमुळं की दिवसांमुळं, देव जाणे. पावसाळ्याच्या तोंडाशी मी घरात काठी न घेता चालू लागले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं जायलाही लागलं, आणि मी निमूट पडवीत जाऊन बसले. वन्सं ताटली ठेवायच्या तेव्हा माझ्याकडं बघायच्या नाहीत. तेल त्यांनी पुन्हा कधी लावलं नाही, मीही मागितलं नाही. दुपारी तेवढी एक वेळ रिकामी वाटायची, आजही वाटते.

महालक्ष्म्या

भाद्रपद आला. जाफराबादहून यांचे चुलतभाऊ सहकुटुंब यायचे होते, गावातल्या सवाष्णींना बोलावणी गेली होती. जेवणाच्या दिवशी पहाटे मी उठले आणि कळलं. दिवस असा नेमका साधला होता की मलाच हसू आलं.

मी वन्संना लांबूनच सांगितलं आणि परसात गेले. कांबळं अंथरलं. थोड्या वेळानं हे आणि वन्सं दोघंही पडवीच्या पायरीशी आले. वन्सं मागं उभ्या, हे पुढं. मला वाटलं आता ऐकवणार, आम्ही म्हणत नव्हतो का. ऐकून घ्यायची मी तयारी केली होती.

हे खालच्या आवाजात म्हणाले, "कुणाला कळलं का?"

"न्हाई. तुम्हालाच सांगितलं."

"मंग कुणाला सांगू नको. आंघोळ कर आणि चुलीपुढं बस. ही काही खरी पाळी न्हाई, डॉक्टरची सुई हाय ती. एवढा दिवस निभाव. पाहुणे येऊन राह्यलेत, पुरण कोण घालंल?"

मी वन्संकडं बघितलं. त्या पदराचं टोक चाचपत होत्या.

"तुम्हीबी हेच म्हणता, वन्सं?"

"महालक्ष्म्या आया हायेत," त्या म्हणाल्या. "समजून घेतील."

आजारातलं काही मला विसरायला होईल, पण हे वाक्य विसरणं शक्य नाही. मी इतके दिवस मनाची समजूत घालत होते की या दोघांनी माझ्याशी जे केलं ते देवाच्या धाकानं केलं. चूक असेल, पण श्रद्धेपोटी केलं. आणि आता पाहुणे दाराशी आल्यावर ती श्रद्धा हात धुऊन मोकळी झाली होती.

"आज समजून घेतील," मी म्हणाले, "तर हिवाळ्यात न्हाई समजून घेतलं असतं का त्यांनी?"

वन्संचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला. हे म्हणाले, "हट्ट करू नको. जल्दी कर."

"मी बाजूला बसलेय," मी म्हणाले. "कुसुमला सांगा."

मी कांबळ्यावर भिंतीला पाठ टेकून बसले. ते दोघं उभेच होते, मग पाय ओढत आत गेले. जरा वेळानं कुसुमची लगबग ऐकू आली, पाट्याचा आवाज आला, चूल फुंकल्याचा आवाज आला. एकदा ती ओल्या लुगड्यानं परसाच्या दारात येऊन विचारून गेली, पुरणाला गूळ किती, आणि मी तिला इथूनच सांगितलं. पाहुणे आले, घंटा वाजली, आरती झाली. मग पंगती बसल्या. मी पडवीतून ऐकत होते.

संध्याकाळी कुसुमनं माझं ताट आणून ठेवलं. घामाघूम झाली होती, कपाळाला राख लागलेली. म्हणाली, "वरण जरा पातळ झाल्तं, आत्याबाई. पण सगळे पोटभर जेवले. कुणी काही म्हणलं न्हाई."

मी ताट ओढून घेतलं. कुसुमचं पुरण चांगलं झालं होतं, वरण खरंच पातळ होतं. एवढ्यासाठी त्यांनी माझी हाडं मोडू दिली होती.